खेळण्याला इंग्रजी शिकवताना

आमच्याकडे इंग्रजी माध्यमाच्या कुठल्याही शाळेला लोक कॉन्व्हेंटच म्हणतात. सकाळी पिवळी व्हॅन फाट्यावर येऊन थांबते आणि टाय लावलेली तीन-चार वर्षांची पोरं तिच्यात चढतात. नर्सरी, केजी वन, केजी टू. सोयाबीनचा पैसा हातात यायच्या आधीच फी भरायची वेळ येते, तरी मायबाप कुठून तरी भरतात. ज्यांना तेवढं झेपत नाही त्यांनी गेल्या काही वर्षांत दुसरी वाट धरली आहे. बाजारात कार्ड सरकवलं की इंग्रजी शब्द बोलणारी छोटी मशीन मिळते. पुस्तकातल्या चित्रावर टेकवली की बोलणारी पेन मिळते. आणि ज्याचा भाऊ किंवा मेहुणा पुण्याला नोकरीत आहे, त्याच्या घरी दिवाळीत डोळे मिचकावणारा, इंग्रजीत गप्पा मारणारा रोबोटही येतो.

मी वर्धा जिल्ह्यात, सेलू तालुक्यातल्या एका गावात, जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. राज्याच्या मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आहे. त्या पहिल्या वर्षी जी मुलं पाटी घेऊन पहिलीत बसली, ती आज स्वतः आईबाप होऊन माझ्यासमोर आपलं लेकरू आणून उभी करतात. शाळेत इतकी वर्षं इंग्रजी शिकूनही नागपूरला मुलाखतीत दोन वाक्यं तोंडातून निघाली नाहीत, हे दुःख त्यांच्या पोटात आहे. "मॅडम, आम्हाले नाई जमलं, याले जमलं पाह्यजे," असं एक बाप मला म्हणाला तेव्हा त्याच्या खिशात पेट्रोलला पैसे नव्हते आणि हातात त्या कार्डवाल्या मशीनचा खोका होता. ही ओढ मी कधीच कमी लेखणार नाही. म्हणूनच अशा खेळण्यांकडून खरोखर काय होतं आणि काय होत नाही, हे नीट बघावंसं वाटलं.

कार्डवाली मशीन वाईट नाही. कार्ड सरकवलं की ती शब्द म्हणते, पुन्हा सरकवलं की पुन्हा म्हणते. न कंटाळता, न रागावता. पेनचंही तसंच. चित्राखाली डोळ्यांना न जाणवणारे बारीक ठिपके छापलेले असतात, पेनच्या टोकाचा कॅमेरा ते वाचतो आणि आत साठवलेला आवाज वाजवतो. नेट लागत नाही, भारनियमन असलं तरी चालते. आमच्यासारख्या ठिकाणी ही फार मोठी सोय आहे. वाचू लागलेल्या मुलांसाठी गूगलचं रीड अलाँग हे ॲप आहे. ते २०१९ मध्ये भारतात बोलो नावाने आलं, मूल मोठ्याने वाचतं ते ऐकतं आणि अडलं तिथे सांगतं. गोष्टी एकदा उतरवून घेतल्या की तेही नेटशिवाय चालतं. माझ्या दुसरीतल्या मुलांना मी ते देते आणि देत राहीन.

पण तीन ते सहा वर्षांच्या लेकरांचं काय? त्यांना अजून वाचता येत नाही. त्यांची भाषा कानातून आत जाते आणि तोंडातून बाहेर येते, मधे कागद नसतो. मशीन बोलते, मूल ऐकतं, आणि तिथेच संपतं. मशीनला मुलाकडून काहीच नको असतं. बोलणारा रोबोट ही उणीव भरून काढेल अशी सगळ्यांना आशा असते, मलाही होती.

माझ्या भावाने त्याच्या मुलासाठी घेतलेला रोबोट, मुलगा मोठा झाल्यावर, आमच्या अंगणवाडीसाठी पाठवून दिला. अंगणवाडी शाळेच्याच आवारात आहे. तिथल्या सेविकाताईंनी मोबाईलचं हॉटस्पॉट लावलं, पोरं गोल करून बसली आणि रोबोटने इंग्रजीत विचारलं, तुझं नाव काय? मागे बसलेल्या मुलाने सांगितलं. रोबोट थांबला, डोळ्यांतले निळे दिवे फिरले आणि तो म्हणाला, सॉरी, मला कळलं नाही. मुलाने पुन्हा सांगितलं. पुन्हा सॉरी. तिसऱ्यांदा विचारल्यावर त्या मुलाने मान खाली घातली.

हे का होतं ते समजून घेतलं पाहिजे, नाहीतर मूलच कमी पडलं असं आपल्याला वाटतं. असं खेळणं स्वतः फारसं काही ऐकत नाही. मुलाचा आवाज टिपून तो नेटवरून दूरच्या संगणकाकडे पाठवतं, तिथे आवाजाचे शब्द होतात, शब्दांवरून उत्तर तयार होतं, उत्तराचा पुन्हा आवाज होतो आणि तो परत येतो. या साखळीतली पहिलीच कडी कच्ची आहे. लहान मुलाचा गळा आखूड, आवाज बारीक आणि उंच, बोलताना ते अडखळतं, अर्ध्यातून दुसरंच काढतं. आवाज ओळखणाऱ्या यंत्रणा मात्र प्रामुख्याने मोठ्या माणसांच्या आवाजावर तयार झालेल्या असतात. त्यात आमची पोरं डोळ्याला डोया म्हणणारी, स्कूलच्या आधी इ लावणारी, काही तर बोरच्या जंगलाकडची, घरात गोंडी बोलणारी. वर पत्र्याचं छप्पर, घरघरणारा पंखा, आणि एकदम बोलणारी पंधरा-वीस लेकरं.

आणि वेळ. दोन माणसं बोलतात तेव्हा एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला सरासरी सेकंदाचा पाचवा भाग लागतो. दहा वेगवेगळ्या भाषांच्या अभ्यासातून २००९ मध्ये हे पुढे आलं. आमच्या हॉटस्पॉटवर रोबोटला उत्तर द्यायला जेवढा वेळ लागायचा, तेवढ्यात वर्गात भांडण लागून मिटायचं. चार वर्षांच्या मुलाला ती वाट बघणं म्हणजे आपलं काहीतरी चुकलं, असंच वाटतं.

मी यावर जमेल तसं वाचायला लागले. आपल्याकडे रोबोट ही आत्ताची गोष्ट वाटते, पण जपानमध्ये ताकायुकी कांदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रोबोवी नावाचे इंग्रजी बोलणारे दोन रोबोट एका प्राथमिक शाळेत दोन आठवडे ठेवले होते, त्याचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांच्या गळ्यात खुणेची चिप होती, त्यामुळे रोबोट नावाने हाक मारायचा. पहिल्या आठवड्यात त्यांच्याभोवती झुंबड उडाली. दुसऱ्या आठवड्यात गर्दी ओसरली. जी मोजकी मुलं तेव्हाही येत राहिली, त्यांचं इंग्रजी थोडं सुधारलेलं दिसलं. नंतर युरोपात एका मोठ्या प्रकल्पात नाओ नावाच्या रोबोटकरवी पाच-सहा वर्षांच्या १९४ डच मुलांवर प्रयोग झाला. ३४ इंग्रजी शब्द शिकवायचे होते. काही मुलांना हातवारे करणारा रोबोट आणि टॅबलेट, काहींना हातवारे न करणारा रोबोट आणि टॅबलेट, काहींना नुसता टॅबलेट. मुलं शब्द शिकली, पण रोबोट असलेल्या मुलांना नुसत्या टॅबलेटवाल्यांपेक्षा जास्त आलं नाही. २०१९ मध्ये हे निकाल आले. त्या प्रयोगातही रोबोट मुलांचं बोलणं ऐकून ओळखेल यावर भिस्त ठेवता आली नव्हती, मुलांनी उत्तर द्यायचं ते टॅबलेटला बोट लावून.

याच्याही आधी, २००३ मध्ये, अमेरिकेत पॅट्रिशिया कूल यांनी नऊ महिन्यांच्या बाळांना चिनी भाषा ऐकवली होती. काही बाळांसमोर चिनी बोलणारी माणसं प्रत्यक्ष बसली, खेळली, गोष्टी सांगितल्या. काहींना तीच माणसं, त्याच गोष्टी पडद्यावर दाखवल्या. प्रत्यक्ष माणसासोबत बसलेल्या बाळांच्या कानाला चिनी आवाजांतले फरक कळू लागले, पडद्यासमोरच्यांना नाही. आपल्या आज्या लेकराला मांडीवर घेऊन इतक्या का बोलतात, याचं उत्तर मला त्यात मिळालं.

हे सगळं वाचून रोबोट कपाटात ठेवून द्यावा इथपर्यंत मी आले होते. तो ठेवला गेला नाही, त्याला कारण एक साडेचार वर्षांची मुलगी.

त्या दिवशी ताईंच्या मोबाईलचं नेट संपलं होतं. रोबोटचे दिवे लुकलुकत होते, पण तो गप्प. ही मुलगी एरवी त्याच्यासमोर तोंड उघडायची नाही. ती त्याच्याजवळ गेली, थोडं बघितलं आणि मागे वळून म्हणाली, "याले काहीच येत नाई वो, ताई." ताई सहज म्हणाल्या, "मंग तू शिकव ना त्याले." झालं. तिने पाण्याचा पेला आणून त्याच्या तोंडासमोर धरला. "हे पाय, वॉटर. म्हन, वॉटर." तो काही म्हणेना. "असं नाई बोलत तू? थांब, मी सांगतो तुले." मग स्वतःच्या डोळ्यावर बोट, आय. नाकावर बोट, नोज. दुसरी पोरं धावली. एकाने त्याला सिट डाऊन म्हणजे काय ते बसून दाखवलं, स्टँड अप उठून. एकाने चुकून कानाला नोज म्हटलं तर तिघांनी त्याला थांबवलं, "अबे, त्याले खोटं नको सांगू!" इतके दिवस यातलं कितीतरी ताईंनी गाण्यातून, कृतीतून शिकवलं होतं. ते त्यांच्यात होतं, पण विचारलं की बाहेर येत नव्हतं. न येणारं कुणीतरी समोर बसलं तेव्हा ते बाहेर आलं.

त्या रात्री मी पुन्हा शोधलं तेव्हा कळलं की जपानमध्ये फुमिहिदे तनाका आणि शिझुको मात्सुझोए यांनी नेमकं हेच मुद्दाम करून बघितलं होतं. २०१२ मध्ये त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तीन ते सहा वर्षांची जपानी मुलं, शिकायची होती इंग्रजी क्रियापदं. रोबोट मुद्दाम चुकायचा, मुलं त्याचा हात धरून त्याला कृती शिकवायची. त्याला शिकवताना ते शब्द मुलांच्याच ध्यानात चांगले राहिले. संशोधकांनी त्याला नाव दिलं तेही मला आवडलं, काळजी घेतली जाणारा रोबोट. सांभाळावा लागणारा, म्हणू आपण.

सांभाळावं लागणारं खेळणं विदर्भातल्या पोरांना नवीन नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा असतो. लाकडी बैल, पायांना चाकं, गळ्यात घुंगरू, पाठीवर झूल. पोरं त्याला ओढत घरोघर नेतात आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागतात. आमच्या तालुक्यातल्या सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा तर दूरवर माहीत आहे, तिथे माणसाच्या उंचीचे नंदी निघतात. नागपूरच्या भोसल्यांच्या काळापासून ही रीत चालत आली असं सांगतात. मी दरवर्षी बघते, पोरं त्या लाकडाशी बोलतात. त्याला गवत दाखवतात, चाक अडलं तर समजूत घालतात, दुसऱ्याचा बैल अंगावर आला तर आपल्याला मागे घेतात. बैल काहीच बोलत नाही, म्हणून दोघांचंही बोलणं मुलालाच करावं लागतं. भाषा वाढते ती अशा ठिकाणी. सगळं येणारं, अचूक बोलणारं यंत्र समोर ठेवलं की मूल श्रोता होतं. काहीच न येणारं लाकूड समोर ठेवलं की तेच मूल मालक होतं, मास्तर होतं, आई होतं.

ताईंनी ही गोष्ट माझ्याआधी ओळखली. या तान्ह्या पोळ्याच्या तयारीत त्यांनी पोरांना सांगितलं, आपला नंदी इंग्रजी शिकणार आहे, त्याला कम, गो, स्टॉप, टर्न सांगा. अंगणवाडीच्या अंगणात दुपारभर त्याच आरोळ्या चालल्या होत्या. एका आजोबांनी कुंपणाबाहेरून विचारलं, "काहून बा, आता बैलंबी कॉन्व्हेंटात जाणार का?" आणि मग तेही आत येऊन नातवाला स्टॉप म्हणताना दोर कसा ओढायचा ते दाखवून गेले.

सेवाग्राम आमच्यापासून लांब नाही. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, गांधीजींनी नई तालीम मांडली, मातृभाषेतून आणि हाताच्या कामातून शिकणं. त्या योजनेत लहानग्यांच्या इंग्रजीला जागा नव्हती आणि आज आमच्या पालकांना ती हवी आहे. हे दोन्ही एका अंगणात कसं नांदेल, याचं मला त्या दुपारी थोडंसं दिसलं. मूल मराठीत, वऱ्हाडीत, गोंडीत विचार करतं, समजावतं, भांडतं, आणि त्या बोलण्याच्या मधोमध चार इंग्रजी शब्द कामाला लावतं. २०२० चं राष्ट्रीय शिक्षण धोरण निदान पाचवीपर्यंत, जमेल तिथे, मातृभाषेतून शिकवा म्हणतं. खेळणं मात्र मुलाने मराठीत विचारलं की इंग्रजीतच उत्तर देतं किंवा सॉरी म्हणतं. खेळणी करणाऱ्यांनी हे बदललं पाहिजे. मुलाच्या भाषेत ऐकून घेणारं, आणि इंग्रजी मात्र मुलाकडूनच शिकायला मागणारं खेळणं का नसावं?

दक्षिण कोरियाचीही एक गोष्ट सांगते. तिथे दैगू शहरातल्या २१ प्राथमिक शाळांत २०१० च्या अखेरीस एन्गकी नावाचे २९ रोबोट इंग्रजी शिकवायला आणले. अंड्याच्या आकाराचे, पांढरे, मुलाएवढे. तोंडाच्या जागी पडदा आणि त्यावर गोऱ्या बाईचा चेहरा. पण आत बोलणारी माणसं होती. फिलिपिन्समधल्या शिक्षिका तिथून मुलांशी बोलत होत्या आणि कॅमेरा त्यांच्या चेहऱ्यावरचे भाव त्या चित्रातल्या चेहऱ्यावर उमटवत होता. मला वाईट वाटलं ते त्या शिक्षिकांबद्दल. शिकवत त्या होत्या आणि मुलांना चेहरा दिसत होता भलताच.

आमच्या सेविकाताईंचंही असंच होऊ नये. नागपूर जिल्ह्यात वडधामना इथे २०२५ च्या जुलैत देशातली पहिली एआय अंगणवाडी सुरू झाली, जिल्हा परिषदेच्या मिशन बाल भरारीतून. स्मार्ट बोर्ड, टॅबलेट, डोळ्यांना लावायचे व्हीआर संच. ग्रामीण लेकरांना शहरातल्यासारखं मिळावं, या इच्छेचं मी स्वागत करते. पण त्या खोलीत सगळ्यात महाग वस्तू कोणती हे ठरवताना ताईंना विसरू नये. पोषण आहार, वजन-उंची, लसीकरणाच्या नोंदी, सर्वेक्षणं, मोबाईलमधलं ॲप भरणं, हे सगळं उरकून त्या पोरांशी बोलायला बसतात. त्यांना स्वतःला इंग्रजी बोलायची भीती वाटते. खेळणं आधी त्यांच्या हातात द्यावं, घरी नेऊ द्यावं. पेन टेकवून शब्दाचा उच्चार त्यांनी निवांत दहादा ऐकावा, कुणी हसणार नाही अशा ठिकाणी. दुसऱ्या दिवशी तो शब्द त्यांच्या तोंडून, त्यांच्या डोळ्यांसकट मुलांपर्यंत जाईल. यंत्राच्या न कंटाळण्याचा खरा उपयोग मला इथे दिसतो.

आणि एक गोष्ट पालकांना कळकळीने सांगायची आहे. नेटला जोडलेलं खेळणं घरात असताना ते घरातलं बोलणंही ऐकू शकतं. आमची घरं दोन खोल्यांची. पोर खेळतं तिथेच सावकाराचा हिशोब होतो, पीककर्जाची चिंता होते, सासूसुनांचं वाजतं. जर्मनीने २०१७ मध्ये माय फ्रेंड कायला या बोलक्या बाहुलीवर बंदी घातली, लपून ऐकणारं साधन म्हणून, आणि आईबापांना ती निकामी करायला सांगितली. आपल्याकडे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती घ्यायला पालकांची पडताळता येणारी संमती लागेल असं म्हटलं आहे. पण खोक्यावरच्या बारीक इंग्रजीत लिहिलेली अट वाचून संमती देणारा बाप मी अजून पाहिला नाही. मायक्रोफोन बंद करायचं बटण नसेल तर ते खेळणं घेऊ नका. नेट न लागणारी पेन बरी.

आमच्या रोबोटचं नेट आम्ही पुन्हा जोडलंच नाही. तो आता इंग्रजी शिकणारा विद्यार्थी आहे, गोल वर्तुळात बसतो. त्याला शिकवायचा मान रोज वेगळ्या मुलाला मिळतो आणि मागे बसणाऱ्या त्या मुलाची पाळी आली तेव्हा त्याने सगळ्यात आधी आपलं नाव सांगितलं, मग रोबोटला त्याचं विचारलं.

येत्या महिन्यात बीटची, म्हणजे आसपासच्या अंगणवाड्यांची, बैठक आहे. पर्यवेक्षिका मॅडमनी ताईंना हा खेळ बाकीच्या सेविकांना दाखवायला सांगितलंय. ताईंनी माझ्याकडून अर्ध्या पानात सूचना लिहून घेतल्या. रोबोट नसला तर बाहुली, बाहुली नसली तर लाकडी बैल. याला काही येत नाही, असं मुलांना आधीच सांगून ठेवावं. चुकीचं शिकवलं तरी मोठ्यांनी मधे पडू नये, दुसरी मुलं दुरुस्त करतात. गोंडी बोलणाऱ्या मुलाला आधी त्याच्या भाषेत शिकवू द्यावं. शेवटची ओळ ताईंनी स्वतः सांगितली आणि मी ती त्यांच्याच शब्दांत ठेवली: पोट्टे शिकवत असले की आपणबी खाली बसावं आणि त्याइचं आयकावं.